वरच्या कप्प्यातला बर्फ

म्हातारीचा अंगठा पिशवीत रुतला.

तिने पिशवी पुन्हा दाबून पाहिली. आत माशाचे पाच मोठे तुकडे होते. परवापर्यंत ते दगडासारखे होते, एकमेकांवर आपटले की खणखण वाजायचे. आता वाजत नव्हते. हाताला ओलसर आणि जड लागत होते.

"लांब्या," तिने हाक मारली. "जाळं ठेव आणि आधी इकडे ये."

लांब्या तिचा एकुलता एक मुलगा. उंचीमुळे गावाने लहानपणीच हे नाव पाडलं होतं आणि आता आईही त्याच नावाने हाक मारायची. तो दारातून वाकून आत आला, पिशवी हातात घेतली, नाकाशी नेली.

"वास नाही आलेला."

"यायची वाट बघायची का?"

तलाव बंद होऊन बारा दिवस झाले होते. माशांच्या विणीचे दोन महिने तलावात कुणी जाळं टाकायचं नाही, असा नियम होता आणि काठावर पहारेकरी होता. बंदीआधीचे तीन आठवडे घरातल्या तिघांनी ऊर फुटेस्तोवर काम केलं होतं. लांब्या मासे आणायचा, म्हातारी खवले काढायची, सून पोट फाडून, धुऊन, तुकडे करून पिशव्या बांधायची. सगळा माल स्वयंपाकघरातल्या उभ्या फ्रीझरमध्ये रचला होता. बंद पडलेल्या एका दुकानातून आणलेला, दाराएवढा उंच, आत पाच कप्पे. सोमवारी आणि गुरुवारी आठ-आठ किलो मासा खाणीवरच्या मेसला पोचवायचा, असं ठरलं होतं. दोन महिने घर त्यावरच चालायचं होतं.

लांब्याने आतलं बटण चारवरून सातवर नेलं. मोटरचा आवाज तसाच राहिला.

"व्होल्टेज कमी असेल," तो म्हणाला.

"पंखा तर गरगर फिरतोय."

"पंख्याचं वेगळं असतं, आई."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळतंय का?"

सून चुलीपाशी भिंतीला पाठ टेकून बसली होती. हल्ली ती बोलायचीच कमी. चार पावलं टाकली की भिंत धरायची, हंडा उचलला की मध्येच खाली ठेवायची. म्हातारीला वाटे, काम पडलं की हिच्या अंगात आळस भरतो. तसं ती शेजारणीला बोललीही होती.

दुसऱ्या दिवशी लांब्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडून थर्मामीटर मागून घेऊन आला. लशींच्या फ्रीजमध्ये ठेवतात तसला. नर्सबाईंनी बजावलं होतं, उणे अठरा दाखवायला पाहिजे. तासभर आत ठेवून काढला तर उणे सात.

"अकरा कमी," लांब्या म्हणाला.

"जास्त म्हण," सून हळूच म्हणाली. "उणे आहे ना."

लांब्याने तिच्याकडे पाहिलं. मग हसला. त्या आठवड्यात घरात कुणी हसलं असेल तर तेवढंच.

मग त्याला चैन पडेना. त्याने फ्रीझर भिंतीपासून ओढला. मागच्या जाळीवर धुळीचा आणि जाळ्याच्या धाग्यांचा हा थर, खाली उंदराने कातरलेल्या चिंध्या. ते सगळं त्याने जुन्या ब्रशने खरवडून काढलं. चुलीची धग लागते म्हणून फ्रीझर समोरच्या कोपऱ्यात नेला. नेताना पाय फरशीच्या फटीत अडकला आणि लांब्याच्या पायाचा अंगठा सोलून निघाला. तो लंगडत दिवसभर फ्रीझरभोवती फिरत राहिला. दर अर्ध्या तासाने दार उघडून थर्मामीटर बघायचा.

"अरे, तूच उघडतोयस आणि गार होत नाही म्हणतोयस!" म्हातारी ओरडली.

"बघायचं नाही तर कळणार कसं?"

संध्याकाळी काटा उणे नऊवर आला. लांब्याला जरा हुरूप आला.

गुरुवारी मायलेक मोटरसायकलवरून खाणीवर गेले. म्हातारी मागे बसून मांडीवर मासळीची पेटी धरून होती. पेटीतलं पाणी तिच्या लुगड्यातून झिरपत होतं. गोठलेल्या माशाच्या पेटीतून पाणी झिरपायला नको, हे तिला कळत होतं.

मेसमध्ये जेवायची वेळ झाली होती. अंगावर दगडाची पांढरी भुकटी माखलेली माणसं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. मेसवाल्याने सगळ्यांसमोर पेटी उघडली, एक पिशवी वर धरली, बोटाने दाबली. मग गाठ सोडून हुंगली आणि रांगेतल्या पहिल्या माणसापुढे धरली.

"तू घे बरं वास."

त्या माणसाने वास घेतला, म्हातारीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"मावशी," मेसवाला म्हणाला, "ही माणसं दिवसभर दगड फोडतात. मला मासा दगडासारखाच पाहिजे. हा असला मऊ मासा घालून मी साठ माणसांची पोटं बिघडवू का?"

"वास येत नाही हो त्याला," लांब्या म्हणाला.

"आज येत नाही. सोमवारी कडक माल आणा, नाहीतर मी दुसरा बघतो. राग मानू नका."

राग मानायला तोंड कुठे होतं? सगळी रांग बघत असताना लांब्याने गाठ पुन्हा मारली. पिशवी ओली होती, गाठ दोनदा निसटली. म्हातारी लुगड्याचा ओला भाग हाताने झाकून उभी होती.

घरी आल्यावर लांब्याने ठरवलं, आता सगळा माल बाहेर काढायचा आणि फ्रीझर पुरता धुवायचा. गावाबाहेरच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणल्या, पोत्यात गुंडाळून फोडल्या, पेट्यांमध्ये माशाच्या खाली-वर घातल्या. तिघांची बोटं बधिर झाली. फ्रीझरच्या कप्प्यांवर आणि दाराच्या कडेला बर्फाची जाड साय धरली होती. दाराचं रबर त्या सायीवर टेकत होतं आणि खालच्या कोपऱ्यात बोटभर फट राहत होती.

"सापडलं!" लांब्या जवळजवळ नाचलाच. "दारच लागत नव्हतं. इतका बर्फ धरतोच कसा म्हणतो मी! बाहेरची गरम हवा आत जात असणार."

आत गरम पाण्याची पातेली ठेवली. बर्फ सुटून धपाधप पडू लागला. म्हातारी घमेल्यात भरून बाहेर फेकत होती. सून घमेल्याकडे बघत उभी होती.

"बघतेस काय? फडकं घे."

सुनेने फडकं घेतलं.

रबर गरम पाण्याने पुसून त्यावर व्हॅसलिन चोळलं. दार लावल्यावर चप्प असा आवाज आला. माल परत रचला. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा उणे सोळावर होता. लांब्याने शेजाऱ्याला बोलावून दाखवला.

आणि शनिवारी दुपारी परत उणे अकरा.

मग मात्र म्हातारीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. यंत्र बिघडलं तर बिघडलेलं राहतं. ते एक दिवस सुधारून परत बिघडतं म्हणजे कुणीतरी त्याच्याशी खेळतंय. लांब्या तर दिवसभर बाहेर होता. उरलं कोण? सुनेचं माहेर दोन कोसांवर. तिचा भाऊ आठ दिवसांपूर्वीच येऊन गेलेला, येताना रिकामी पिशवी होती आणि जाताना भरलेली. काय होतं त्या पिशवीत, म्हातारीने तेव्हा विचारलं नव्हतं.

तिने पिशव्या मोजल्या. मोजताना दार उघडं राहिलं, त्याचा तिला स्वतःचाच राग आला. आकडा बरोबर भरला. तरी समाधान होईना. मग तिने एक मोठा खवला ओला करून दाराच्या फटीवर आडवा चिकटवला. वाळल्यावर तो नखासारखा घट्ट बसला. दार उघडलं की सुटणारच.

रविवारी सकाळी लांब्या बाहेर पडल्यावर ती काठावर जाऊन आली. खवला जमिनीवर पडलेला होता. तिने दुसरा लावला आणि शेजारणीकडे गेली. घटकाभराने येऊन बघते तर तोही पडलेला. पिशव्या मात्र तेवढ्याच.

"कुणी उघडला होता का फ्रीझर?" तिने विचारलं.

"नाही," सून म्हणाली. भाकरी थापताना तिने मान वर केली नाही.

"खोटं बोलायला लाज नाही वाटत?"

सुनेचा हात थांबला. मग पुन्हा थापायला लागला.

सोमवारी सकाळी काटा उणे चारवर आला. लांब्या मोटरसायकल काढून थंडा मास्तरला आणायला गेला. हा आसपासच्या गावांतले फ्रीज दुरुस्त करणारा माणूस, सापडायला अवघड आणि बोलायला फटकळ. म्हातारी शेजारणीकडे जाते म्हणून निघाली, घराला वळसा घालून मागच्या खिडकीशी आली आणि गजांना धरून उभी राहिली.

सून स्वयंपाकघरात एकटी होती. तिने बाहेरच्या दाराकडे पाहिलं, फ्रीझर उघडला, खवले काढायची सुरी घेतली. वरच्या कप्प्याच्या तळाशी, खिडकीकडे कूस करून, ती खरवडायला लागली. जुना बर्फ तर गुरुवारी धुतला गेला होता. नवा पातळ होता, कागदासारखा. ती सुरीचं टोक रोवून जोर लावत होती. तळहातावर चिमूटभर पांढरं जमलं की तोंडात टाकायची. कडकड आवाज खिडकीपर्यंत येत होता. डोळे मिटलेले. मग परत खरवडायची. तिसऱ्यांदा तिने सुरीचं पातंच चाटलं.

म्हातारीला राग यायला हवा होता. आली ती भीती. चोरी करणारा माणूस असा दिसत नाही. हे उपाशी जनावरासारखं दिसत होतं.

ती पळतच पुढच्या दाराने आत आली. सुनेने सुरी पाठीमागे लपवली. ओठ ओले होते आणि पांढरे.

"काय खातेस?"

"काही नाही."

"तोंड उघड."

सुनेने तोंड उघडलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने जे तोंडात होतं ते चावून गिळलं.

"बर्फ," ती म्हणाली.

"बर्फ? उन्हाळा लागलाय म्हणून?"

"नाही आई. राहवतच नाही. उठल्यापासून तेच डोक्यात. भाकरी नको वाटते, भात नको वाटतो. बर्फ दिसला की…" तिने पदराने तोंड पुसलं. "मला वेड लागलंय का हो?"

"कधीपासून हे?"

"तीन-चार महिने झाले."

"दिवसातून किती वेळा?"

"मोजले नाहीत. वीस. जास्तच."

म्हातारीने तिच्या हातातली सुरी काढून घेतली. हात गार होता, पण बर्फाचा गारवा निराळा आणि हा निराळा. नखं पांढरी, मध्ये खोलगट. इतके दिवस एका परातीत पीठ मळत होत्या दोघी आणि म्हातारीने ही नखं बघितली नव्हती.

"पाळी येते का नीट?"

सुनेने हात ओढून घेतला.

"विचारतेय मी."

"येते. जातच नाही. पंधरा-पंधरा दिवस."

"आणि कपडे?"

"तुम्ही उठायच्या आत धुते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही शेजारच्या काकूंना म्हणत होतात," सून म्हणाली, "की मी कामचुकार आहे. मग आणखी काय सांगू?"

म्हातारी खाली बसली. बाहेर मोटरसायकल थांबली.

थंडा मास्तर बुटका, पोट सुटलेला माणूस होता. आत आल्या आल्या त्याने दार उघडून तळवा सगळ्या कप्प्यांवरून फिरवला.

"वरच्या कप्प्यावर बर्फ आणि खालच्यांना नुसता घाम," तो म्हणाला. "गॅस गेलाय. रबर बिबर काही नाही."

त्याने साबणाचा फेस करून वरच्या कप्प्याच्या तळाला, नळीवर लावला. सगळे वाकून बघत राहिले. आधी काहीच झालं नाही. मग एका जागी मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला. लगेच दुसरा आला.

मास्तरने बॅटरी मारली. नळीवर बारीक बारीक चरे होते, आणि एका चऱ्याच्या टोकाला टाचणीएवढं भोक.

"सुरी कुणी मारली?" मास्तर म्हणाला. "सतरा वेळा सांगतो लोकांना, बर्फ वितळू द्यायचा, खणायचा नाही. विहीर आहे का ही?"

लांब्या हळूहळू सरळ झाला. चेहरा तांबडा झाला होता. त्याने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. सून भिंतीला टेकली होती, ती एक पाऊल पुढे आली. आता ती बोलणार, हे म्हातारीला दिसलं.

"मी मारली," म्हातारी म्हणाली.

तोंडातून निघूनच गेलं.

"तू?"

"बर्फ धरला होता. म्हटलं काढावा."

"गुरुवारी एवढा धुतला मी! पाय फोडून घेतला! आणि तू सुरी घेऊन…" लांब्याने रिकामं घमेलं लाथेने उडवलं. ते जाऊन भिंतीवर आपटलं. "उभ्या जन्मात तुला गप्प बसता आलं नाही. प्रत्येक गोष्टीत हात घालायचा! आता आजचा माल कुठून देऊ? तुझ्या डोक्यातून?"

परक्या माणसासमोर मुलगा इतकं कधी बोलला नव्हता. म्हातारी ऐकत राहिली. मास्तर साबणाचे हात पुसण्यात उगाच वेळ घालवू लागला.

"डाग मारून भोक बुजवावं लागेल, गॅस भरावा लागेल," तो शेवटी म्हणाला. "नळीचं सामान आणायला दोन दिवस जातील. तोवर मालाचं बघा. आणि मावशी, आता सुरी भाजीलाच वापरा."

मालाचं बघायचं म्हणजे एकच उरलं होतं. मीठ. लांब्या तोंड फुगवून मिठाची पोती घेऊन आला. ऊन रणरणत होतं. मऊ पडलेले तुकडे तिघं परत चिरायला बसले, पातळ करून मीठ चोळायला लागले. बोटांच्या चिरांत मीठ गेलं की आग व्हायची. अंगणात बांबूंवर जुनी जाळी ताणून त्यावर मासा पसरला. कावळे आले, शेजारचं कुत्रं आलं. लांब्या मेसवाल्याला सांगून आला की दहा दिवसांनी सुका मासा आणतो, पाहिजे तर घे. तो 'बघू' म्हणाला. तेवढ्या 'बघू'वर लांब्या परतला.

आईशी तो बोलत नव्हता. मिठाची वाटी पाहिजे असली तरी बायकोला सांगायचा, "तिला म्हण, वाटी दे."

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली जाळी भरेपर्यंत सुनेचा चेहरा मेणासारखा झाला. म्हातारीने हातातला मासा टाकला.

"चल ऊठ."

"कुठे निघालात?" लांब्याने विचारलं. न बोलायचं ठरवलेलं तो विसरला होता.

"उपकेंद्रात. हिला बरं नाही."

"आता? एवढं काम पडलंय आणि…"

"कामाला लागू दे आग," म्हातारी म्हणाली.

नर्सबाईंनी सुनेची खालची पापणी ओढली आणि त्यांचं बोलणंच थांबलं. बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्रात घातला. हिमोग्लोबिन पाच पॉइंट एक, हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यांनी पुन्हा टोचलं. पाच.

"ही चालत आली?" त्यांनी विचारलं.

"चालत," म्हातारी म्हणाली. "सकाळपासून मासे चिरतेय."

नर्सबाईंनी चिठ्ठी लिहिली. लांब्याला बोलावून घेतलं. शेजाऱ्याच्या टेम्पोत चादर अंथरून तिघं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले. रस्ताभर लांब्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि पुन्हा पुन्हा विचारत होता, "बरं वाटतंय ना?" ती मान हलवायची. त्याला तेवढ्याने पुरेना, पुढच्या वळणाला परत विचारायचा.

डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. पोटाची तपासणी झाली. गर्भाशयात गाठ होती, साधी, औषधाने नाही गेली तर काढता येण्यासारखी. आधी रक्त द्यायचं, दोन पिशव्या.

"माती, खडू, असं काही खावंसं वाटतं का?" तिने लिहिता लिहिता विचारलं.

सुनेने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने मान हलवली, नको म्हणून. पण सून नवऱ्याकडे वळली.

"बर्फ," ती म्हणाली. "फ्रीझरमधला. दिवसातून वीस-वीस वेळा. सुरी मी मारली होती. आईंनी नाही."

डॉक्टरीण सहज म्हणाली, "होतं असं. रक्त कमी झालं की होतं. भरलं की जाईल," आणि पुढच्या खाटेकडे गेली.

लांब्या जागचा हलला नाही. मग एकदम उठून बाहेर गेला.

म्हातारी वाट बघत बसली. एकदा दारापर्यंत जाऊन आली. सुनेच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली. पोरगा रागाने गावी निघून गेला की काय? ती उठून शोधायला निघाली. जिन्याखाली रक्तपेढी होती. तिथे काचेच्या दाराच्या मोठ्या फ्रीजसमोर लांब्या उभा होता. आत तांबड्या पिशव्या रांगेने लावलेल्या. तो वरचा आकडा वाचत होता.

"चार दाखवतोय," तो आईला म्हणाला. डोळे लाल होते. "मी विचारलं त्यांना. रक्ताला चारच लागतं म्हणे."

"बरोबर असेल मग."

"आई, ती वीस वेळा उठायची. माझ्या समोरून. आणि मी बघत होतो काय, तर काटा."

म्हातारीच्या मनात आलं, सांगावं, मी तर तिला चोर समजून खिडकीला लटकले होते. "मीसुद्धा काही चांगली वागले नाही," एवढंच ती म्हणाली. "नंतर सांगेन तुला. तिलाही सांगायचंय."

"काल मी तुला बोललो ते…"

"बोललास ते बोललास. घमेलं मात्र चेपलंय, ते ठोकून दे."

संध्याकाळी पहिली पिशवी लागली. तांबडी नळी सुनेच्या मनगटापर्यंत आली तसा तिचा हात गार पडला. म्हातारी एका बाजूला बसून दंड चोळत राहिली, दुसऱ्या बाजूला लांब्या पायांचे तळवे. थेंब सावकाश पडत होते. सुनेचे डोळे मिटले होते.

"मासे उलटायला पाहिजेत," लांब्या थोड्या वेळाने कुजबुजला. "खालची बाजू ओली राहिली तर किडे पडतील."

"मग जा की."

"मी कसा जाऊ हिला सोडून? तू जा. टेम्पो अजून खालीच आहे."

"मी नाही जात. बाईमाणूस लागतं तिच्याजवळ."

"मी नवरा आहे तिचा."

"म्हणून काय झालं? बाथरूमला कोण नेणार? आणि तुला उलटायला येतात, मला वाकवत नाही."

"काल दिवसभर वाकलीस ती?"

"काल वेगळं होतं."

"मला नर्सच्या सूचना लिहून घ्यायच्यात. तुला लिहिता येतं का?"

"तुला वाचता येतं का तू लिहिलेलं?"

पलीकडच्या खाटेवरची बाई कुशीवर वळून यांच्याकडे बघायला लागली होती. दोघांचे आवाज कधी चढले, त्यांना कळलंच नव्हतं.

"दोघंही जा," सून डोळे न उघडता म्हणाली.

दोघांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"दोघंही जा आणि मासे उलटा," ती म्हणाली. "आणि जाताना तेवढा पंखा बारीक करा. मला थंडी वाजतेय."